बाराच्या भोंग्याचा जोडीदार

आमच्या ह्यांना स्वस्थ बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. जेवायला बसले तरी एक गुडघा उभा, दारातून कोणी हाक मारली तर उठायला सोपं पडावं म्हणून. सासूबाई म्हणत, याच्या पायाला जन्मतःच भिंगरी आहे. मी म्हणे, असू दे भिंगरी, पण तिच्यापायी माझी आमटी रोज का निवावी?

म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत ते मास्तर होते. सोलापुरात मास्तरांना काय तोटा? पण वेणीमाधव मास्तर म्हटलं की लोक विचारीत, "ते कैद्यांचे का?" तुरुंगातून सुटून आलेल्यांना काम मिळवून द्यायचं, हे भूत त्यांनी आपण होऊन मानगुटीवर घेतलं होतं. त्यासाठी गावात एक मंडळही होतं. वकील, डॉक्टर, दोन पेढीवाले असे सभासद. वर्षातून एकदा जमत, चिवडा खात, ठराव करीत. उन्हातान्हात पायपीट करायला हे एकटे.

बरं, पायपीट तरी शहाण्यासारखी करावी. कारखान्याच्या मालकापुढं माणूस उभा केला की ह्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "यानं घरफोडी केली होती. शिक्षा भोगून आलाय. आता कामावर घ्या." मालक आधी ह्यांच्याकडं बघे, मग त्या माणसाकडं, मग दाराकडं. मी चिडून म्हणे, "अहो, मुलगी दाखवायला नेताना आधी तिचं व्यंग सांगतात का?" तर म्हणत, "मागून कळलं तर याला काढतीलच, आणि याच्यामागून येणाऱ्याला दारातही उभं करणार नाहीत. आधी गुन्हा, मग माणूस." ह्या खरेपणानं चार-दोघांच्या चुली पेटल्या, नाही असं नाही. एक तेलाच्या घाण्यावर लागला, एक टांगेवाल्याच्या तबेल्यात. बाकीचे आमच्या ओट्यावर बसून माझ्या भाकरी खात. जेवू घालण्याचं मला कधी जड गेलं नाही, पण रोज संध्याकाळी ह्यांचं पडलेलं तोंड बघायचं, ते जड जाई.

भवानी पेठेत आमच्या घराला मागच्या अंगाला लाकडी सज्जा होता. त्याच्या खालीच शंकरप्पांच्या हातमागाच्या कारखान्याचं अंगण. लुगडी आणि पंचे विणत तिथं. शंकरप्पा मोठे हौशी गृहस्थ, फेटा असा बांधत की बघत राहावं. सत्याग्रह दडपायला सोलापुरात मार्शल लॉ पुकारला, त्या दिवसांत पोलिसांनी त्यांच्या कारखान्याची झडती घेऊन विणलेला माल चिखलात टाकला होता, तेव्हापासून ते कडवे देशभक्त. ह्यांना मात्र त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं. "मास्तर, चोर-दरोडेखोर माझ्या मागावर नको. देशासाठी आत गेलेला आणा, दोन्ही हातांनी घेतो."

तर ही गोष्ट येडूची. तो वळसंगचा धनगर. शेळ्या-मेंढ्या राखायचा. मेंढरं कोणाच्या पिकात शिरली, भांडण पेटलं, येडूची काठी समोरच्याच्या डोक्यात बसली आणि तो माणूस दगावला. येडूला सात वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याला तो माग चालवायला शिकला. आता सुटून येत होता, आणि तो यायच्या आधीच हवालदार आमच्या दारात येऊन बजावून गेला होता: अक्षय तृतीयेपर्यंत याला कायमचं काम लागलं तर ठीक, नाहीतर पोटापाण्याचा धंदा नसलेला इसम म्हणून कोर्टात उभा करू, चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागू. जामीन राहणार कोण? म्हणजे परत आतच. वळसंगला त्याला कोणी मेंढरू राखायला देणार नव्हतं, आणि सोलापुरात आमचे हे 'आधी गुन्हा' म्हणत फिरणार. मला तर त्याचं भविष्य पंचांग न उघडता दिसत होतं.

त्याच सुमारास दिल्लीला सरकारशी समझोता झाला आणि सत्याग्रही सुटू लागले. आमच्या पेठेतला गोपाळ येणार म्हणून सगळी पेठ स्टेशनवर लोटली. गोपाळ शंकरप्पांच्याच कारखान्यात कारकून होता. झेंडा घेऊन फिरला म्हणून त्याला वर्षाची शिक्षा झाली होती. शेजारणींबरोबर मीही आरतीचं ताट घेऊन गेले. हेही स्टेशनवर होते, पण तिसऱ्या वर्गाच्या डब्यांकडं, येडूला शोधत. मी म्हटलं, एकाच गाडीतून सुटलेले दोघे उतरणार, एकाला बॅण्ड आणि एकाला आमचे हे.

गाडी आली. सुटलेले दोघं-तिघं उतरले आणि आपापल्या लोकांत मिसळले. गोपाळ काही दिसेना. मागून कळलं, त्याला वाटेत ताप भरला आणि तो कुर्डुवाडीला बहिणीकडं उतरला. पण तेव्हा कोणाला ठाऊक? तेवढ्यात समोर एक माणूस उतरला. काळासावळा, काटक, अंगात जाड्याभरड्या पांढऱ्या कापडाची बंडी, डोक्याला तसलीच टोपी. तुरुंगात विणलेलं कापड ते. पण त्या दिवसांत जाडंभरडं पांढरं कापड दिसलं की लोकांना खादी आणि सत्याग्रही याखेरीज दुसरं काही सुचत नसे. "गोपाळ नाही तर नाही, हाही आपलाच की," म्हणत शंकरप्पांनी गोपाळसाठी आणलेला हार त्याच्या गळ्यात घातला. बॅण्ड सुरू झाला. मी पुढं होऊन कुंकू लावलं, ताट ओवाळलं. तो मान खाली घालून, हात अंगाशी धरून नुसता उभा होता. मला वाटलं, केवढा हा विनय.

आणि त्याच्या खांद्यावरून मला आमचे हे दिसले. गर्दी बाजूला सारत, हात हलवत, धापा टाकत येत होते. त्यांचा चेहरा पाहिला मात्र, मी ओळखलं, हा ह्यांचाच.

काय काम येतं विचारल्यावर तो 'माग' एवढंच पुटपुटला होता. शंकरप्पा त्याचा हात धरून म्हणत होते, "उद्यापासून माझ्या कारखान्यात या. माग येतो म्हणता ना? मग झालं की. बघा मास्तर, याला म्हणतात कैदी. नाहीतर तुमचे."

"शंकरप्पा, जरा ऐका, हा माणूस..." हे बोलू लागले. मी मागून ह्यांचं उपरणं असं खेचलं की पुढचं वाक्य घशातच राहिलं. अजून तशी वेळ आली तर तसंच खेचीन. मला त्याचं काही म्हणजे काही वाटत नाही.

त्या रात्री आमच्या घरात जे झालं त्याला भांडण म्हणायचं की काय, ठाऊक नाही. हे ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालत होते. "मी खोटं बोललो."

"तुम्ही बोललातच कुठं?"

"तेच ते."

"अक्षय तृतीया होऊ द्या. हवालदार येऊन बघून जाऊ दे. मग सांगा काय सांगायचं ते. तुमच्या खऱ्यासाठी त्याला परत बेड्या घालणार आहात का?"

ह्यावर ते आणखी जोरात फेऱ्या घालू लागले.

येडू कामाला लागला. हात चांगला होता त्याचा. बोलणं जवळजवळ नाही. राहायला आमच्या ओट्यावर; कारखान्याला लागून म्हणून कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. हे रोज सकाळी "आज सांगतो" म्हणून शंकरप्पांकडं जात आणि सुताच्या भावावर बोलून परत येत. शाळेतून मधल्या सुट्टीत धावत घरी, सज्ज्यात उभं राहून खाली बघायचं, पुन्हा धावत शाळेत. पोरांना भागाकार शिकवताना गुणाकार करून आले म्हणे एकदा. जेवण तुटलं, झोप तुटली. मीच त्यांना थांबवलेलं, तरी त्यांच्याकडं बघून माझाही जीव टांगणीला लागे.

पहिल्याच दिवशी मला सज्ज्यातून एक दिसलं. मोठ्या गिरणीचा बाराचा भोंगा झाला. माग थांबले, माणसं भाकरीची गाठोडी घेऊन अंगणात आली. येडूही आला आणि मधोमध उकिडवा बसला. हात गुडघ्यांवर, नजर जमिनीवर. बसला तो बसलाच. बाकीच्यांची जेवणं झाली, माग पुन्हा खडखडू लागले, तेव्हा कोणी तरी त्याला हलवून उठवलं. भाकरी तशीच राहिली.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं. येडू खाली बघत म्हणाला, "येरवड्याला गिनती असती की मास्तर. घंटा झाली की जोडीजोडीनं बसायचं. शिपाई मोजत जातो. हुबा ऱ्हायला त्येला काठी."

"अरे, पण इथं कुठं शिपाई?"

"न्हाय, कळतंय मला. तितं घंटा, हितं भोंगा. पन पायाला काय कळतंय? बसल्यावर उटवत न्हाय. जोडीदार शेजारी बसल्याबिगर गिनती लागत न्हाय, आन गिनती लागल्याबिगर उटायचं न्हाय. सात वर्सं त्येच केलं."

हे अंथरुणावर पडले खरे, पण रात्रभर कूस बदलत होते.

मग जे व्हायचं ते झालं. कारखान्यातल्या माणसांनी त्या बसण्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. देशासाठी भोगून आलेला माणूस, रोज बाराला मौन धरून बसतो. एक म्हातारा विणकर भक्तिभावानं त्याच्या शेजारी बसला. जोडीदार मिळाला तसा येडू उठला आणि जेवला. दुसऱ्या दिवशी आणखी चौघं बसले. आठवडा गेला नाही तोच शंकरप्पांनी सगळ्या कारखान्याला सांगून टाकलं, बाराच्या भोंग्याला सगळ्यांनी असं बसायचं, मगच भाकरी. स्वतः फेटा सावरत पुढं बसू लागले. सज्ज्यातून बघताना मला आधी हसू येई, मग मी घाईनं आत निघून जाई. अख्खा कारखाना कैद्यांच्या गिनतीला बसलेला, आणि कोणाला पत्ता नाही.

मग गोपाळ आला. तापातून उठलेला, गालफडं बसलेली. पहिल्याच दुपारी त्यानं अंगणातला तो प्रकार पाहिला आणि तडक जिना चढून आमच्याकडं आला.

"मास्तर, ही गिनती आहे. हे कोणी सुरू केलं?"

ह्यांनी खळखळ न करता सगळं सांगून टाकलं. इतक्या दिवसांचं तुंबलेलं, बांध फुटावा तसं बाहेर आलं. गोपाळ ऐकत राहिला. मग त्यानं धोतर जरा वर केलं. घोट्यांच्या वर काळे वळ होते. "गिनतीला उकिडवं बसायचं आम्ही नाकारलं होतं. माणसानं माणसापुढं असं बसायचं नाही म्हटलं. मला दंडाबेडी घातली, पायांत लोखंडी दांडा. झोपताना पाय जवळ घेता येत नाहीत. तरी बसलो नाही." तो उठला. "मी कोणाला सांगणार नाही. पण मी बसणारही नाही."

दुसऱ्या दिवशी बाराला सगळं अंगण बसलं आणि गोपाळ एकटा भिंतीशी उभा राहिला. शंकरप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. येडूनं पहिल्यांदाच मान वर केली, गोपाळकडं बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. गोपाळला सगळं ठाऊक आहे, हे तो समजला होता.

त्यातच येडूची आई आली, केराबाई. लेकाला बघायला वळसंगाहून चालत, डोक्यावर ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कारखान्यात ओरड झाली, देशभक्ताची आई आली. विणकरांच्या बायका येऊन तिच्या पायांवर डोकी ठेवू लागल्या. म्हातारी पाय मागं घेत भिंतीपर्यंत सरकली. तिथून ती आमच्याकडं आली ती पदर तोंडात कोंबूनच.

"आक्का, ह्ये काय चाललंय? येडूच्या काठीनं मेला त्यो रावजी, त्याची आई आमच्याच गावात हाय की. हिरीवर समुर येती. मी तोंड लपवून पानी भरती. आन हितं बाया माज्या पाया पडत्यात. तिच्या पाया कोन पडलं?"

येडू दारात उभा होता. त्यानं ऐकलं. मला त्या क्षणी वाटलं, आता हा गेला हातचा. अक्षय तृतीया दोन दिवसांवर आली होती. शंकरप्पांकडं त्या दिवशी बसवेश्वरांची जयंती, मोठा थाट. येडूला फेटा बांधून पुढं बसवायचं, असंही त्यांनी ठरवलं होतं. मी येडूला बाजूला घेऊन म्हटलं, "बाबा रे, दोन दिवस कळ काढ. हवालदार येऊन जाऊ दे." तो म्हणाला, "व्हय आक्का." पण त्या 'व्हय'मध्ये काही दम नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाराचा भोंगा झाला. हे सज्ज्यात माझ्याशेजारी होते, कठडा धरून. खाली सगळे बसले. शंकरप्पा बसले. गोपाळ भिंतीशी उभा. आणि येडू बसला नाही.  मागाच्या खोलीच्या दाराची चौकट त्यानं एका हातानं धरली होती.

"आयका," तो म्हणाला. "मी सत्यागिरी न्हाय. वळसंगच्या रानात माज्या काठीनं मानूस मेला. त्याचं नाव रावजी. सात वर्सं त्येच्यापायी खाल्ली, देशापायी न्हाय. हार दुसऱ्याचा हुता, माज्या गळ्यात पडला. तुमी बसताय ती कैद्यांची गिनती हाय. बसू नगा. आता काडायचं तर काडा."

 मग एकेक जण उठून धोतर झटकू लागला, जणू चिखलात बसला होता. शंकरप्पा उठले ते कोणाकडं न बघता आत गेले. हे जिन्यावरून असे धावले की शेवटच्या पायरीवर पडता पडता राहिले. आत काय बोलणं झालं ते मला वरपर्यंत ऐकू येत होतं, शंकरप्पांचा आवाजच तसा.

"मला आंधळा केलात, मास्तर. सगळ्या पेठेदेखत. माझ्या माणसांना कैद्यागत बसवलंत."

"बसवलं तुम्हीच," हे म्हणाले. "पण चूक माझी. मी प्रत्येक वेळी आधी सांगतो. या वेळी नाही सांगितलं. तुमचा राग माझ्यावर काढा. त्याचा माग काढून घेऊ नका."

"उद्या त्याचा माग रिकामा पाहिजे मला."

घरी येऊन हे जेवले नाहीत. मला वाटलं, मला बोलतील, तुझ्यामुळं झालं म्हणतील. बोलले असते तर बरं झालं असतं, चांगली दोन वाक्यं मी तयार ठेवली होती. पण ते नुसते फिरत राहिले, आणि ओट्यावर येडू आपलं गाठोडं बांधून बसून राहिला. मला फार वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता, आणि कोणावर यावा ते कळत नव्हतं.

अक्षय तृतीयेला सकाळीच हवालदार आला. शंकरप्पा पूजा आटोपून, कपाळाला भस्म लावून, नवा फेटा बांधून कारखान्याच्या दारात उभे. येडू गाठोडं घेऊन निघायच्या बेतात. हे त्याच्याबरोबर. मी सज्ज्यात, हातात पुरणाची पळी तशीच.

हवालदार मिशीत हसत म्हणाला, "शंकरप्पा, तुम्ही फसलात. तुमच्याकडं येडू म्हणून एक आहे, तो सत्याग्रही नव्हे. खुनाचा कैदी आहे. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून मुद्दाम सांगायला आलो."

शंकरप्पांनी त्याच्याकडं बघितलं. झडतीच्या दिवशी ज्यानं माल चिखलात टाकला होता, तो हाच हवालदार. शंकरप्पांचा चेहरा कसा बदलत गेला ते मी बघत होते.

"ठाऊक नाही कसं?" ते म्हणाले. "सगळ्या पेठेला ठाऊक आहे. त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं. तुम्ही उशिरा आलात की."

"म्हणजे ठेवणार तुम्ही त्याला?"

"माझ्या मागावर कोण बसायचं ते पोलीस सांगणार काय? येडू, गाठोडं ठेव आत. सणाचं अर्धा दिवस काम आहे, उगी उभा राहू नको."

हवालदार गेला. शंकरप्पा ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, पुढच्या वेळी आधी सांगा." हे म्हणाले, "पुढच्या वेळी आधी घ्या." दोघंही हसले नाहीत. मी पळी घेऊन आत गेले आणि चुलीपुढं बसून मनसोक्त रडले.

बाराला भोंगा झाला. मी पुन्हा सज्ज्यात. माग थांबले, माणसं बाहेर आली. आज कोणी बसायचा प्रश्नच नव्हता. सगळे घाईघाईनं भिंतीच्या सावलीत गेले, गाठोडी सोडू लागले. आणि येडू बाहेर आला, आणि अंगणाच्या मध्यात उन्हात त्याचे गुडघे वाकले. बसला. हात गुडघ्यांवर, नजर खाली. काल एकदाच उभा राहिला होता तो, सगळा जीव गोळा करून. आज काही राहिलं नव्हतं.

लोक बघून न बघितल्यासारखं करीत होते. तो म्हातारा विणकरही तोंड फिरवून जेवत होता. शेजारी कोणी बसल्याशिवाय येडू उठणार नाही, हे मला ठाऊक, ह्यांना ठाऊक. हे जिन्याकडं वळले.

तोवर गोपाळ कचेरीच्या दारातून बाहेर आला. अंगण ओलांडून येडूच्या शेजारी उभा राहिला. एकदा वर बघितलं, आमच्या सज्ज्याकडं नाही, असंच. मग धोतर सावरलं आणि खाली बसला. उकिडवा, हात गुडघ्यांवर. घोट्यांवरचे ते काळे वळ उन्हात दिसत होते.

"गिनती लागली," गोपाळ म्हणाला. "ऊठ आता. भाकरी खा."

येडू उठला. मग गोपाळला हात देऊन त्यानं उठवलं.

आमचे हे जिन्याच्या वरच्या पायरीवरच खाली बसले होते. दोन्ही गुडघे मोडून, नीट मांडी घालून. मी पान वाढलं आहे म्हणून सांगितलं, तरी बराच वेळ ते तिथून उठले नाहीत.